पाटी वाचा, मग काढा: कोल्हापुरातल्या पाट्या आणि रेखाटन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटीतला विनोद शोधायचा म्हणजे नेमकं काय शोधायचं?

मुद्दाम हसवायला लिहिलेली पाटी सोडून द्या. ती वहीत उतरवली की पडते, कारण सगळं काम शब्दांनीच उरकलेलं असतं आणि चित्राला करण्यासारखं काही उरत नाही. शोधायची ती अगदी गंभीर पाटी, जिच्या शेजारचं काहीतरी तिला साथ देत नाही. समजा, वरच्या मजल्यावर 'मधुमेह तपासणी' आणि खालच्या गाळ्यात गुळाच्या ढेपा रचलेल्या. किंवा चपलांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर 'चपला बाहेर काढून आत यावे'. दोन्ही ठिकाणी शब्द साधे आहेत. गंमत पाटी आणि तिचा भोवताल यांच्यातल्या अंतरात आहे, म्हणून ते अंतर चित्रात यायलाच हवं. नुसती पाटी काढली तर तो सुलेखनाचा सराव झाला.

आणखी काही जाती ओळखून ठेवा. पहिली व्याकरणाची. मराठी पाटीचं लाडकं क्रियापद 'मिळेल'. दळून मिळेल, शिवून मिळेल, पिको-फॉल करून मिळेल. याच ओघात 'पंक्चर काढून मिळेल' येतं आणि शब्दशः घेतलं तर काढलेलं पंक्चर कागदात बांधून गिऱ्हाइकाच्या हातात पडायला हवं. 'दात काढून मिळतील' तर दुहेरी, कारण आपल्याकडे नुसतं हसणाऱ्यालाही 'दात काढतोय' म्हणतात.

दुसरी जात उडालेल्या अक्षराची. 'येथे थुंकू नये' मधला 'न' पावसाने धुतला की मनाई जाऊन आमंत्रण उरतं: 'येथे थुंकू ये'. तिसरी झाकलेल्या शब्दाची. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी महाराष्ट्रभर आहे. तिच्या 'नाही'वर शेजारच्या झाडाची फांदी आली तर शाखा तिथेच आहे, पाटीवरच. अशा ठिकाणी एक पानही कमी-जास्त काढू नका.

कोल्हापुरात सुरुवात कुठून करावी?

बिंदू चौकातून निघून भवानी मंडप, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश आणि शेवटी पंचगंगा घाट. सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात आहे आणि या एका ओळीत पाट्यांचे बहुतेक प्रकार येतात: देवस्थानाच्या सूचना, प्रसाद आणि पेढ्यांची दुकानं, चपला, सराफी, दुधाचा कट्टा, तालमींचे फळे, घाटावरच्या मनाईच्या पाट्या.

सकाळी दहाच्या आत जा. याचं कारण शटर. दुकान उघडं असताना शटरवर रंगवलेला मजकूर वर गुंडाळलेला असतो, तो फक्त बंद दुकानावर दिसतो. शटरच्या पट्ट्यांमुळे अक्षरांच्या आडव्या चकत्या झालेल्या दिसतात आणि शटर अर्धं वर असलं तर वाक्याचा खालचा अर्धा भागच समोर राहतो. मालक कुलूप उघडत असतानाची दोन मिनिटं या कामासाठी सगळ्यात चांगली.

गर्दीत उभं राहणं जमत नसेल तर शिवाजी उद्यमनगर गाठा. लेथ, शेपर, वेल्डिंग, फाउंड्रीच्या कामाच्या पाट्या तिथे आहेत. तांत्रिक शब्द, कामगाराने स्वतः ब्रशने लिहिलेले, पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यावर. तुकडा वेडावाकडा असेल तर मजकूरही त्याच्या आकारात बसवलेला असतो. राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे नोंद ठेवणं सोपं जातं. रंकाळा संध्याकाळी बसून काढायला बरा, पण तिथे पाट्यांपेक्षा गाड्यांवरची भेळ, मक्याची कणसं आणि त्यांची दरपत्रकं जास्त मिळतात. तेही वाईट नाही.

तालमीच्या चौकातला काळा फळा काढावा का?

काढाच. पेठेतल्या कोपऱ्यावरचा खडूचा फळा हा या शहराचा खास ऐवज आहे. त्यावर फुटबॉलच्या सामन्याची वेळ, वाढदिवस, निधनवार्ता, मिरवणुकीची सूचना आणि मधूनच कुणाला तरी मारलेला टोमणा, हे सगळं एकाच हस्ताक्षरात असतं. फळा पुसला जातो, म्हणून तारीख न टाकलेलं चित्र पुढे निरर्थक होतं.

उतरवताना एक अडचण येते: काळ्यावर पांढरं. पांढऱ्या कागदावर फळा काळा भरत बसलात तर अक्षरं वाचवण्यात अर्धा तास जातो. त्यापेक्षा करड्या किंवा तपकिरी कागदाची लहान वही ठेवा, चौकट गडद पेनने आणि अक्षरं पांढऱ्या पेन्सिलीने. भाजीच्या पिशवीचा तपकिरी कागद कापून चिकटवला तरी चालतो. निधनाचा मजकूर असेल तर फळा चित्रात येऊ द्या, नाव नको. तिथे दोन आडव्या रेघा पुरतात.

सामान किती लागतं?

एका खिशात मावेल एवढं. ए-सहा आकाराची वही, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटर. उभ्याने, एका हातात धरून काढायला यापेक्षा मोठी नको. कागद नुसत्या पेनसाठी १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) चालतो, हलका रंग लावायचा असेल तर निदान २०० घ्या. ३०० जीएसएमचा जाड कागद उत्तम असतो, पण त्याच खिशात मावणाऱ्या वहीत पानं फार कमी येतात आणि पानं कमी असली की माणूस चित्र वाया जाईल म्हणून घाबरतो. पाट्यांच्या कामाला ही भीती मारक आहे.

०.३ आणि ०.५ मिलिमीटरचं पाण्याने न फुटणारं पेन, एक टूबी पेन्सिल, दोन चिमटे. जेल पेन टाळा. कोरडं दिसत असलं तरी त्यावर ओला ब्रश फिरवला की शाई पसरते. पाण्याची टाकी असलेला ब्रश सोयीचा, पण तो दाबला की एकदम थेंब येतो, म्हणून आधी चिंधीवर टेकवायचा.

पाच मिनिटांत पाटी कशी उतरवायची?

पहिलं मिनिट फक्त वाचा. मोठ्याने, मनात, शेवटच्या अक्षरापर्यंत. कितीतरी जण चित्र काढून घरी जातात आणि तिसरी ओळ वाचलीच नव्हती हे नंतर कळतं.

मग पाटीची चौकट नको, आधी माणूस काढा. पाटीखाली उभा असलेला, बसलेला, सायकल टेकवणारा कुणीतरी. तो हलणार आहे, पाटी हलणार नाही. माणसाची उंची कागदावर पडली की पाटी किती मोठी आणि किती उंचावर, हे मोजायला माप मिळतं. तिसऱ्या मिनिटाला पाटीची चौकट आणि शिरोरेषा पेन्सिलीने. चौथ्याला अक्षरं. पाचव्याला पाटी कशाने टांगली आहे ते: तार, खिळे, विजेचा खांब, दुसऱ्या पाटीचा कोपरा. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग पाटी हवेत तरंगते. खरं तर अर्धा विनोद तारेत असतो. 'प्रगती' नावाची पाटी एका खिळ्यावर तिरकी लोंबत असेल तर खिळा हाच मुद्दा आहे.

पाटी रस्त्याला काटकोनात, भिंतीतून बाहेर आलेली असेल आणि तुम्ही बाजूने पाहत असाल तर वरची आणि खालची कड एकमेकींकडे झुकतात. पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून दोन्ही कडांचा कल मोजा. पाटीचा मध्य मात्र अंदाजाने ठरवू नका. चारही कोपरे जोडणारे दोन कर्ण काढा, ते छेदतात तो मध्य. तो नेहमी वाटतो त्यापेक्षा दूरच्या कडेकडे सरकलेला असतो. मजकुराचा मधला शब्द तिथे बसवला की जवळची अक्षरं आपोआप मोठी आणि लांबची लहान होतात.

अक्षरं नेहमी फळीबाहेर जातात. चुकतं कुठे?

दोन ठिकाणी. उंचीत आणि रुंदीत.

उंचीची चूक अशी: फळी काढली की आपण अक्षराचा गाभा जवळपास फळीएवढा करतो आणि मग वेलांटी वर चढते, उकार खाली लोंबतो. देवनागरी अक्षराला डोकं आणि पाय दोन्ही आहेत. फळीच्या उंचीचे सहा भाग करा. वर-खाली मिळून एक भाग मोकळा, एक भाग मात्रा-वेलांटी-रफारासाठी, तीन भाग शिरोरेषेखालच्या गाभ्यासाठी आणि एक भाग उकारासाठी. म्हणजे शिरोरेषा फळीच्या वरच्या कडेपासून साधारण दीड भागावर येते, बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरीच खाली.

रुंदीसाठी अक्षरं मोजू नका, एककं मोजा. साधं अक्षर एक. 'र' आणि काना अर्धा. 'श', 'ण', 'अ', 'क्ष' दीड. आडवं जोडाक्षर दीड, एकाखाली एक बसणारं जोडाक्षर एक. दोन शब्दांमधली जागा एक. आता 'शुद्ध शाकाहारी' घ्या: शु दीड, द्ध एक, जागा एक, शा दोन, का दीड, हा दीड, री एक. बेरीज साडेनऊ. दोन्ही कडांना अर्धा-अर्धा सोडला की साडेदहा. वहीत फळी १०५ मिलिमीटर रुंद असेल तर एका एककाला बरोबर १० मिलिमीटर. एवढं गणित दोन-तीन पाट्यांपुरतं करावं लागतं, पुढे डोळा स्वतः मोजतो.

शिरोरेषा आधी फिकट, शेवटी ठळक. ठळक करताना हात सलग ओढू नका. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर रेषा तुटते. ती जोडली की 'धन' चं 'घन' होतं आणि 'भाऊ' चा 'माऊ'. रंगवलेल्या पाट्यांवर ही चूक भरपूर दिसते, कारण एका दमात आडवा ब्रश ओढण्याचा मोह पेंटरलाही होतोच. चूक पाटीवर असेल तर ठेवा. तुमच्या हातून होत असेल तर टाळा.

पाटीवरची चूक दुरुस्त करून काढावी की जशीच्या तशी?

जशीच्या तशी. चुकीत भरही घालायची नाही.

हे बोलायला सोपं, करायला अवघड. ओळखीचा शब्द दिसला की मेंदू चूक गाळून वाचतो आणि हात बरोबर शब्द लिहून मोकळा होतो. उपाय म्हणजे उलटं उतरवा. शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, एकेक अक्षर आकार म्हणून. 'शुद्द' उलटीकडून काढलात तर 'द्द' हे 'द्द'च राहतं.

हाताने रंगवलेली पाटी आणि फ्लेक्स, दोन्ही सारखेच काढायचे का?

नाही, दोन्हींचं म्हातारपण वेगळं असतं.

पत्र्यावरची रंगवलेली पाटी आधी प्राइमर, मग ऑइल पेंटचे हात, मग खडू लावलेली दोरी ताणून मारलेल्या रेघा आणि त्यावर अक्षरं, अशी तयार होते. जवळून पाहिलं तर खडूच्या रेघेचा अंश कधी कधी अजून असतो. अक्षराच्या सुरुवातीला ब्रश टेकलेला जाडसर भाग, शेवटी निमुळता. सावली एकाच बाजूला. खाली कोपऱ्यात पेंटरची सही. जुनी झाली की रंग चुन्यासारखा हाताला लागतो, मग तडकतो आणि कडेपासून गंज चढतो. असा गंज काढताना तुटक टिंबांनी काढा. पूर्ण काळा भरला तर ते भोक वाटतं.

फ्लेक्सवर उन्हाचा परिणाम निराळा. छपाईतले लाल-गुलाबी आणि पिवळा हे रंग आधी उडतात, निळा आणि काळा मागे राहतात. म्हणून जुने फ्लेक्स निळसर पडतात. कोल्हापुरात याचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे खानावळीच्या बोर्डावरचा तांबडा रस्सा. दोन उन्हाळ्यांनंतर तो जांभळट आणि मग निळा होतो, शेजारचा पांढरा रस्सा मात्र जसाच्या तसा. हे चित्र एका निळ्या रंगात काढा आणि खाली फक्त पाटीवरचा मजकूर लिहा. स्पष्टीकरण नको.

वाढदिवसाच्या फ्लेक्सला वेगळं डोकं लावावं लागतं. तिथे मजकूर दुय्यम असतो, चेहऱ्यांचा आकार म्हणजे मानाची उतरंड. मधला उत्सवमूर्ती सर्वांत मोठा, वर नेते, खाली शुभेच्छुकांची रांग, शेवटच्या रांगेत टिकलीएवढे चेहरे. चेहरे काढू नका, फक्त गोल काढा, बरोबर त्या-त्या आकाराचे, आणि गॉगल असेल तिथे गॉगल. खरी व्यक्ती ओळखू येत नाही आणि रचना तर पूर्ण कळते.

फ्लेक्सवर वेलांटी भलत्याच अक्षराला का लागलेली असते?

संगणकात मराठी मजकूर साठवताना ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि दाखवताना ती अक्षराच्या आधी, डावीकडे आणावी लागते. हे काम न येणाऱ्या जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की वेलांटी उजवीकडेच राहते आणि पुढच्या अक्षराला चिकटल्यासारखी दिसते. जोडाक्षरंही सुटतात: पाय मोडलेलं अर्धं अक्षर वेगळं, पूर्ण वेगळं. 'स्वागत' चा 'स्' एकीकडे आणि 'वागत' दुसरीकडे. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा येतो, आणि घाई असेल तर तसाच छापलाही जातो.

हे कळलं की चूक काढताना हात थरथरत नाही. पेंटरची चूक हाताची असते, त्यामुळे ती दर वेळी वेगळी. सॉफ्टवेअरची चूक प्रत्येक वेलांटीला तीच.

इंग्रजी नावं देवनागरीत लिहिलेल्या पाट्या इतक्या का वाढल्या?

राज्यात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असण्याची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही लागू झाली. मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नसावीत, हेही त्यात आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. नाव बदलण्यापेक्षा लिपी बदलणं स्वस्त, म्हणून 'द', 'अँड' आणि 'एन' यांना मराठी फळीवर कायमचं घर मिळालं. रेखाटनासाठी खरी गोष्ट आहे ती जुन्या बोर्डावर ठोकलेली नवी पट्टी. खालचा अर्धा शब्द कुठे डोकावतो ते पाहा.

ट्रकमागचा मजकूर चालतो का?

चालतो, पण तो स्थिर असताना. शाहू मार्केट यार्डात किंवा पेट्रोल पंपाच्या रांगेत. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्यात २०१५ मध्ये बंदी आली, कारण ते हॉर्न वाजवायचं निमंत्रण ठरत होतं. तरी जुन्या फाळक्यांवर तो अर्धवट खरवडलेला दिसतो. ट्रकमागचे शेर सगळीकडे तेच असतात, ते उतरवून फार काही हाती लागत नाही. एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, नंबरपाटीशेजारी मालकाने स्वतः काय जोडलंय, ते बघा.

पुणेरी पाट्यांसारखं कोल्हापुरात काही आहे का?

तुलना करत बसू नका, हे आधी सांगून ठेवतो. पुणेरी पाटी वाचणाऱ्याशी वाद घालते, नियम सांगते, पोटनियम सांगते आणि शेवटी अपमान करते. ती वाचूनच पुरी होते. कोल्हापुरी पाटी मोकळी असते, एका वाक्यात विषय संपवते आणि उरलेलं मालक तोंडाने सांगतो. त्यामुळे इथे पाटीबरोबर तिच्याखालचं बोलणंही टिपावं लागतं. वहीच्या कोपऱ्यात ऐकलेलं एक वाक्य, बोलीत, जसं कानावर पडलं तसं. 'हाय की' ला 'आहे ना' करू नका.

दुकानदाराने 'काय चाललंय?' विचारलं तर?

वही त्याच्याकडे फिरवा. बोलण्याआधी चित्र दाखवलं की निम्मं काम होतं. 'मालक, पाटीचं अक्षर लई भारी हाय, तेवढं काढून घेतो' एवढं पुरतं. वयस्कर माणूस असेल तर काका किंवा मामा, बाई असतील तर मावशी किंवा वहिनी. हसण्यासारखी पाटी असेल तर खोटं बोलू नका, पण 'तुमची चूक काढतोय' असंही नको, कारण इथे 'काढतोय' चे दोन अर्थ होतात. गिऱ्हाइकाच्या वाटेत उभं राहायचं नाही. चहा आला तर नाही म्हणायचं नाही, पण तोवर शाई वाळलेली असू द्या.

मंदिराच्या आत फोटो आणि रेखाटन दोन्ही टाळा, बाहेरच्या रस्त्यावर भरपूर आहे.

कुठल्या पाटीवर हसू नये?

शिकायची संधी न मिळालेल्या माणसाने पोटासाठी लिहिलेली पाटी, आणि त्यात चूक फक्त ऱ्हस्व-दीर्घाची. तिथे विनोद नाही, फक्त आपली शाळा दिसते. उलट मोठ्या खर्चाने केलेला, चार जणांनी तपासलेला फलक चुकला असेल तर खुशाल काढा.

पुराच्या खुणा हा नाजूक भाग. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे जुलै-ऑगस्टमध्ये शहरात सगळ्यांच्या तोंडी असतात. २०१९ च्या पुराची रेघ काही भिंतींवर अजून आहे. अशा रेघेखाली 'तळमजला भाड्याने देणे आहे' दिसलं तर चित्र जबरदस्त होईल, यात शंका नाही. काढा, पण घर ओळखू येईल असं काही ठेवू नका आणि खाली स्वतःचा शेरा मारू नका. रेघ किती उंचीवर आहे ते मात्र अचूक मोजा: दाराच्या कडीपाशी, चौकटीच्या वर, की छज्ज्याला टेकलेली. तिथे चित्राचं वजन आहे.

फोटो काढून घरी बसून रेखाटलं तर?

फोटो पुरावा म्हणून ठेवा, चित्रासाठी नाही. फोनने जवळून, मान वर करून काढलेल्या फोटोत पाटीच्या उभ्या कडा वर एकमेकींकडे झुकतात आणि तोच कल वहीत येतो. शिवाय फोटो काढणारा पाटी मधोमध घेतो आणि शेजारचं दुकान कापून टाकतो, म्हणजे विनोदच कापतो. काढायचेच तर दोन काढा: एक सरळ समोरून अक्षरांसाठी, दुसरा दहा पावलं मागे जाऊन.

पावसाळ्यात काय करायचं?

आडोसा आणि पेन्सिल. दमट कागदावर बॉलपेन अडखळतं, पेनची शाई एरवीपेक्षा उशिरा वाळते आणि रंगाचा हात दिला की कडा धरत नाही, नुसता पसरतो. वही प्लास्टिकच्या बंद पिशवीत, पानं चिमट्याने घट्ट. या दिवसांत भिजलेल्या फळीवर जुन्या रंगाचे थर एकाखाली एक दिसू लागतात, दहा वर्षांपूर्वीचं दुकान आजच्या दुकानाआडून वर येतं. त्यासाठी भिजायला हरकत नाही.

पाटीवरून पुढे स्वतःची कल्पना कशी सुचते?

तीन खेळ आहेत. पहिला, शब्दशः घ्या. 'हवा मोफत' लिहिलंय, मग हवा घ्यायला रांगेत उभी असलेली माणसं, हातात पिशव्या. दुसरा, उत्तर द्या: समोरच्या फुटपाथवरची पाटी बोलू लागली तर ती या पाटीला काय म्हणेल? तिसरा, जागा बदला. 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी फाटकावरून काढून फुगेवाल्याच्या काठीला बांधा.

यातल्या एकावरच थांबा. एका चित्रात शब्दशः अर्थही घेतला आणि जागाही बदलली तर वाचणाऱ्याला दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात आणि हसू मध्येच पडतं. मजकूर बदलायचा नाही, हा नियम इथेही आहे. बदलायचं ते भोवतालचं. आणि कल्पना अडली तर तेच चित्र अक्षरं न काढता, रिकाम्या फळीसह परत काढा. त्या फळीवर काय हवं ते बहुधा खालचा माणूसच सांगतो.

शिकण्यासाठी शहरात काय पाहावं?

टाउन हॉलमधलं संग्रहालय आणि राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. चित्रकार आबालाल रहमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. एकाच जागी परत जाण्याची सवय त्यांच्याकडून घ्यावी. आणि बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री, जन्म १८९०. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस पुढे सिनेमात गेला, 'सैरंध्री' १९२० ची, पण धंद्याचं नाव आडनाव म्हणून आयुष्यभर राहिलं. गल्लीतल्या पाटीच्या कोपऱ्यात 'अमुक पेंटर' अशी सही दिसते तेव्हा हे आठवावं.

चित्रं छापून विकायची झाली तर?

स्वतःच्या वहीसाठी काहीही काढा. विकायचं असेल तर दुकानाचं नाव, बोधचिन्ह आणि फोन नंबर काढून टाका किंवा मालकाची परवानगी घ्या, लेखी असेल तर उत्तम. फोन नंबर तर फुकट दाखवतानाही शेवटच्या पाच आकड्यांच्या जागी टिंबं.

प्रत्येक पानावर काय नोंदवायचं?

तारीख, वेळ, चौक किंवा गल्ली, पाटी कशाची आहे (पत्रा, लाकूड, फ्लेक्स, भिंत, शटर) आणि तुम्ही कुठे उभे होतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभराने त्याच फरशीवर उभं राहून दुसरं पान काढता येतं: पाटी तीच आहे, खाली दुकान बदललंय, किंवा दुकान तेच आहे आणि पाटीचा पत्रा आता कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर, उलटा.